सुब्बोजीरावांची पागा

म्हैसुरात येऊन तेरा वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा एका कुत्र्याला कुणी मराठीत रागावताना ऐकलं.

"बस म्हटलं की बसायचं! उभा राहून कसला पहारा देतोस रे? तुझ्या आजानं दिला होता काय पहारा? नोडप्पा, बघा ह्याला!"

आम्ही त्याच दिवशी कुवेंपुनगरातल्या एका बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. बायको, सुमन, आत भांडी लावत होती आणि मी मागच्या भिंतीशी नळाखाली बादली धरून उभा होतो. बादली तशीच सोडून मी भिंतीवरून डोकावलो. पलीकडे कौलारू घर, फणसाचं झाड, लांबच लांब अंगण, आणि अंगणात खाकी अर्धी चड्डी घातलेला, खांद्यावर पंचा टाकलेला एक उंच म्हातारा. समोर काळं कुत्रं. ते काही बसलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून कानडीत विचारलं, कोण तू. मी मराठीत सांगितलं, नवीन भाडेकरू.

"मराठी? कुठलं मराठी? इथलंच?"

"नाही हो. विट्याकडचा. सांगली जिल्हा."

"म्हणजे तिकडचा? खरं तिकडचा?" ते भिंतीजवळ आले आणि भिंतीवरून हात घालून त्यांनी माझं मनगट चाचपलं. दुकानात कापडाचा पोत बघतात तसं. मग आत तोंड करून कुत्र्याला म्हणाले, "ऐकलंस काय? खऱ्या गावचं माणूस आलंय. आता तरी बस."

ते सुब्बोजीराव. नाव ऐकून सुमनला हसू आलं होतं. पण ते नावच त्यांच्या घराण्याची सगळी हकिकत सांगत होतं: निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यांचे कुणी पूर्वज घोड्यावर बसून लढाईला आले आणि इथेच राहिले. कुठल्या गावाहून आले, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मराठी बोलायचे, पण वाचता यायचं कानडीच. आजोबा घोडदळात होते. स्वतः सुब्बोजीरावांनी मात्र उभा जन्म बेळगोळच्या एका कारखान्याच्या गेटावर काढला. पाळी सुटताना आणि भरताना माणसं मोजायची, हे त्यांचं काम. कुवेंपुनगरची वसाहत उठली तेव्हा आजूबाजूच्या जमिनीवर बंगले झाले, त्यांचं घर तेवढं मधे राहून गेलं. घराच्या दगडी भिंतीत आजोबांच्या घोड्यांसाठी रोवलेल्या लोखंडी कड्या अजून होत्या.

त्या कड्यांना आता लोकांची कुत्री बांधलेली असायची.

शाळांना सुट्टी लागली की कुवेंपुनगर रिकामं व्हायचं. बँकेतले, कॉलेजातले, सरकारी कचेऱ्यांतले लोक सरकारी सवलतीवर उटीला, काशीला, दिल्लीला निघायचे आणि निघायच्या आदल्या दिवशी कुत्रं घेऊन सुब्बोजीरावांच्या दारात यायचे. ते त्याला पागा म्हणायचे. "पागेत किती आहेत मामा?" असं मी भिंतीवरून विचारायचो. "चार. एक रडवं आहे." मी त्यांना मामा म्हणायचो, कारण आमच्याकडे अनोळखी मोठ्या माणसाला मामाच म्हणतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला हाक मारली ते बघायला.

त्यांची कामाची रीत मी पुढे कुठे पाहिली नाही. एकदा एका बँकवाल्या बाईंनी आपली पिंकी नावाची पांढरी झुबकेदार कुत्री आणली आणि तिच्याबरोबर इंग्रजीत लिहिलेला एक कागद दिला. सकाळी काय खाते, दुपारी काय, कुठलं बिस्कीट चालतं, कुठलं चालत नाही. सुब्बोजीरावांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"हे मी तिला वाचून दाखवायचं काय अम्मा?"

"नाही हो, तुमच्यासाठी आहे."

"मला नको. मला दोन गोष्टी सांगा. संध्याकाळी तुमच्या घरी पहिलं कोण येतं? आणि किती वाजता?"

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, आमचे हे येतात, साडेपाचला, स्कूटरवरून.

"आयतु. झालं." त्यांनी खिशातून खडू काढला आणि कडीच्या वर भिंतीवर कानडीत लिहिलं: पिंकी, साडेपाच, स्कूटर.

मी नंतर विचारलं, हे कशाला. तर म्हणाले, "खाण्यापिण्याचं काय रे, भूक लागली की दगड पण खाईल. कुत्र्याला दिवसातनं एकच वेळ कठीण असते. रोज ज्या वेळेला मालक येतो ना, ती. तेवढा अर्धा तास कुणी जवळ बसलं की दिवस निघतो. गेटावर मी काय बघितलं आयुष्यभर? पाळी सुटायच्या वेळेला बाहेर बायका-पोरं उभी असायची. ज्याचा बाप उशिरा यायचा, त्या पोराच्या शेजारी मी स्टूल नेऊन बसायचो. सुम्ने. काही बोलायचं नाही."

साडेपाच वाजता ते खरंच पिंकीच्या शेजारी जमिनीवर बसायचे, हातात कॉफीचा लोटा. रस्त्यावरून स्कूटर गेली की पिंकी उठायची, आणि तेही तिच्याबरोबर रस्त्याकडे बघायचे. "हा नव्हे," असं म्हणायचे. "हा पण नव्हे. बस." मग पुढच्या कुत्र्याची वेळ. अशी त्यांची संध्याकाळ साडेचारला सुरू होऊन आठापर्यंत चालायची. जेवण सगळ्यांना एकच, नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि ताक, आणि त्याच पातेल्यातलं ते स्वतःही खायचे. बाई परत आल्या त्यानंतर आठ दिवसांनी तक्रार घेऊन आल्या. पिंकी बिस्किटाला तोंड लावत नव्हती.

ह्या सगळ्याचा मोबदला ते एकच घ्यायचे. कुत्रं न्यायला आलेल्या माणसानं फणसाखालच्या बाकावर बसून आपली ट्रिप सांगायची. पहिल्यापासून, आणि कुत्र्यासमोर. "त्याला पण कळू दे की, तुम्ही कुठं गेला होता. उगाच सोडून नव्हता गेला, काम होतं, अल्वा?" कॉलेजातले एक प्राध्यापक घाईत होते. म्हणाले, दिल्ली पाहिली, आग्रा पाहिलं, थंडी फार होती, येतो मी. सुब्बोजीरावांनी कुत्र्याची दोरी सोडली नाही. "अय्यो, इतकं कोरडं नको सर. ताजमहालला चप्पल काढून जायचं असतं काय? फरशी पायाला गार लागली की तापलेली? तेवढं तर सांगा." प्राध्यापक पाऊण तास बसले होते. जाताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की ट्रिप खरी आत्ता झाली.

स्वतः सुब्बोजीराव कुठेही गेले नव्हते. एकुलती एक मुलगी, चंपाक्का, हुणसूरला दिली होती. तिथेसुद्धा सकाळी जाऊन दुपारी परत. पागा कोण बघणार?

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शाळा आठवीत सोडली. आमच्या भागातली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात जातात. सराफांचं जुनं सोनं-चांदी मुशीत घालून वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. वडिलांनी मलाही चौदाव्या वर्षी म्हैसूरच्या एका दुकानात आणून सोडलं. मी मुळात घाबरट. तापलेली मूस चिमट्यानं उचलताना हात हलत नाही, पण साधा फॉर्म भरायचा म्हटलं की पेन घामानं ओलं होतं. आणि एक भीती कायम, की आपण जिथे नाही, तिथे काहीतरी वाईट होत असणार. गावी गेलो तर दुकानात, दुकानात असलो तर गावी.

दुकानाच्या पायरीवर एक तांबडं पिल्लू येऊन राहिलं होतं. त्याचं नाव खंड्या. नव्या घरी येताना त्याला बरोबर आणलं. पहिल्याच वर्षी गावी बहिणीचं लग्न निघालं. चार वर्षांत मी गेलो नव्हतो. सुमनच्या कडेवर सहा महिन्यांची पोर, मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी.; कुत्रं नेणं शक्यच नव्हतं. सुमन म्हणाली, "शेजारी एवढी पागा आहे, आणि तुम्ही रात्रंदिवस काळजी काय करताय?"

निघायच्या दिवशी मी खंड्याला घेऊन गेलो. सुब्बोजीरावांनी विचारलं, किती वाजता येतोस. सात, मी सांगितलं. सायकलवरून. त्यांनी भिंतीवर लिहिलं. मी खंड्याच्या गळ्यातली दोरी सोडली, गुंडाळली, आणि माझ्या पिशवीत टाकली.

सुब्बोजीराव खडू हातात धरून तसेच उभे राहिले.

"हे काय केलंस?"

"काय?"

"दावं ठेवून घेतलंस." कुत्र्याच्या दोरीलाही ते दावंच म्हणायचे. "विकतोयस काय त्याला?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली. आमच्याकडे जनावर विकलं की दावं देत नाहीत. दावं विकणाऱ्याच्या घरी परत येतं, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. मी तिसरीत असताना वडिलांनी बाजारात बैलजोडी विकली, तेव्हा दोन्ही दावी माझ्या खांद्यावर टाकून आम्ही चालत घरी आलो होतो. हातांना तेवढंच माहीत होतं, की जनावर दुसऱ्याच्या दारात उभं केलं की दावं सोडून घ्यायचं. आणि तीच रीत ह्या माणसाच्या घरात, तीनशे मैलांच्याही पलीकडे, घोड्यांबरोबर येऊन तशीच टिकून होती.

"चुकलो मामा," मी म्हणालो.

"मला काय, त्याला सांग." मी पिशवीतून दोरी काढून परत खंड्याच्या गळ्यात घातली आणि तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. "हं. आता ठेवायला दिलास. आता जा. सोयरीक नीट होऊ दे."

गावात गेल्यावरही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आठ दिवसांत तीनदा विट्याच्या एसटीडी बूथवरून त्यांच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार त्यांना हाक मारायचा. ते फोनवर नेहमी एवढंच बोलायचे, आणि ओरडून, कारण अंतर फार होतं: "खंड्या जेवला! तू जेवलास काय?" तिसऱ्यांदा हे ऐकून मी बूथमध्येच रडलो. घरात लग्न चाललेलं, पंगतीवर पंगती उठत होत्या, आणि मी जेवलो का हे त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

परत आलो तेव्हा खंड्या माझ्या अंगावर चढला, ती गोष्ट वेगळी. मी दोरी घ्यायला हात पुढे केला तर सुब्बोजीराव म्हणाले, "बाकावर बस."

"मामा, आमच्या गावात सांगण्यासारखं काय असणार? खडकाळ माळ, चार विहिरी, त्यातली एक कोरडी. ताजमहाल थोडाच आहे."

"बस की."

मी बसलो. आणि त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मला कधीच कुणी विचारले नव्हते. तिकडे बसचा कंडक्टरसुद्धा मराठी बोलतो काय? पोलीसपण? कुत्र्यांना सगळेच मराठीत हाका मारतात? बाजारात भांडण झालं तर तेही मराठीतच? प्रत्येक उत्तराला ते मान हलवायचे, आणि मधेच खंड्याकडे बघून "ऐक," म्हणायचे. गल्लीत कुणाचं लग्न झालं, मारुतीचा पार कुठं, विहिरीला पायऱ्या किती, सगळं त्यांनी विचारलं. संध्याकाळची कुत्र्यांची वेळ आली तरी प्रश्न थांबले नाहीत. मला घेऊनच एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत सरकत गेले.

शेवटी म्हणाले, "तुझ्या बापानं तुला इथं सोडलं, तेव्हा बरोबर काय दिलं होतं?"

मी आठवून सांगितलं, "काही नाही. एक घोंगडं दिलं होतं. घरचं. आजोबांच्या वेळचं."

"अंगावरचं?"

"त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं. गाडीत पांघरून आले होते. परत जाताना थंडीतच गेले."

सुब्बोजीरावांनी लोट्यातली उरलेली कॉफी फणसाच्या बुंध्याशी ओतली. "मग तुला ठेवायला दिलं होतं रे," ते म्हणाले. "विकलं नव्हतं. सुम्ने, उगाच इतकी वर्षं तोंड पाडून बसलायस."

वडील चार वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांनी मला इथे टाकलं, असं मी मनात धरून होतो, हे मी सुमनलाही कधी बोललो नव्हतो.

त्यानंतर तीनेक वर्षांनी सीझर आला. मोठा, रुबाबदार अल्सेशियन. एका साहेबांचा. आठ दिवस उटीला जातो, म्हणाले. मी त्या दिवशी भिंतीशी होतो म्हणून पाहिलं: साहेबांनी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणि साखळी दोन्ही काढून गाडीत ठेवली. साखळी भारीतली आहे, हरवेल, म्हणाले. मी सुब्बोजीरावांकडे बघितलं. ते नेहमीप्रमाणे विचारत होते, "किती वाजता येता सर घरी?" सहा. जीपनं. त्यांनी लिहिलं. दावं ठेवून घेण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. साहेब गेल्यावर मी म्हणालो, "मामा, त्यांना माहीत नसेल हो आपल्याकडची रीत."

"माहीत नसेल," ते म्हणाले. "पण साखळीला माहीत असेल."

वीस दिवसांनी साहेबांच्या बंगल्यावर भाड्याने देण्याची पाटी लागली. बदली होऊन गेले होते. सुब्बोजीरावांनी सुती दोऱ्याचं तांबडं-काळं दावं स्वतः वळलं आणि सीझरच्या गळ्यात घातलं. नाव झालं सीझरप्पा. कुणी विचारलं, हा अजून इथेच कसा, की ते शांतपणे सांगायचे, "साहेबांची ट्रिप जरा लांबलीय." पहिल्या वर्षी लोक हसले. पुढे विचारायचे थांबले. भिंतीवरची बाकीची नावं पुसली जायची, नवी यायची. "सीझर, सहा, जीप" तसंच. पाऊस पडून फिकं झालं की ते पुन्हा गिरवायचे. आणि रोज सहा वाजता त्याच्या शेजारी बसायचे. जीप गेली की तो कान टवकारायचा. "हा नव्हे, सीझरप्पा." सात वर्षं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, तो आता विसरला असेल. तुम्हीच सहा वाजवून आठवण करून देताय."

त्यांनी सीझरप्पाच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असेल. पण मी बसलो नाही, आणि त्याला आठवण असली तर?"

शेवटी त्यांना दम लागायला लागला. पायऱ्या चढणं बंद झालं, मग अंगण ओलांडणं. पागेत कुत्री घेणं थांबलं. खंड्या आदल्या वर्षी म्हातारा होऊन गेला होता, त्याचं दावं आमच्या दाराच्या खुंटीवर तसंच होतं. चंपाक्का हुणसूरहून न्यायला आल्या. त्यांच्या घरात तंबाखूचं काम, सुनेला मूल झालेलं. कुत्रं नेणं जमणार नव्हतं, आणि हे सांगताना त्याच रडत होत्या. सुब्बोजीराव हुणसूरला दीड महिना राहिले. ते वारल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानात मुशीपाशी होतो. पण मला ते आठवतात ते निघाले त्या दुपारचे.

चंपाक्का कुलूप लावत होत्या. सुब्बोजीराव सीझरप्पाला घेऊन माझ्या दारात आले. चालत आले, भिंतीला हात लावत, मधे दोनदा थांबून. कुत्र्याचं तोंड पांढरं झालं होतं, तेही थांबत थांबतच आलं. दोघांनाही मी पुढे जाऊन धरावं, असं झालं.

"किती दिवस मामा?" मी विचारलं. मनात आठ दिवस, असं उत्तर यावं म्हणून विचारलं.

त्यांनी खाली वाकून दाव्याची गाठ सोडली. वेळ लागला. मी मदतीला गेलो तर कोपरानं बाजूला सारलं. मग दावं मनगटावर गुंडाळलं. एक वेढा, दुसरा, तिसरा.

"मामा, दावं राहू द्या ना त्याच्याजवळ."

"नको." ते धाप टाकत होते. "ह्यानं एकदा वाट बघितलीय, दत्तू. दुसऱ्यांदा कशाला लावायची?" आणि मग, बाजारात जनावर विकणारा बोलतो तसं, "जा. तुझं दावं आण."

मी आत गेलो. सुमन दारामागे उभी होती, तिनंच खुंटीवरून खंड्याचं दावं काढून माझ्या हातात दिलं. मी ते सीझरप्पाच्या गळ्यात बांधलं. सुब्बोजीरावांनी गाठ ओढून पाहिली. "आयतु," म्हणाले.

मी त्यांची पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत गेलो. हुणसूरची बस भरलेली होती, पण कंडक्टरनं म्हाताऱ्या माणसाला बघून खिडकीची जागा करून दिली. चंपाक्का शेजारी बसल्या. मी खाली खिडकीशी उभा. त्यांनी हात बाहेर काढला आणि पहिल्या दिवशी भिंतीवरून चाचपलं होतं, तसं माझं मनगट धरलं. त्यांच्या मनगटावर तांबडं-काळं दावं होतं.

"आजच्या दिवस सहाला त्याच्याजवळ बस हं," ते म्हणाले. "आज जरा कठीण जाईल."

"बसतो मामा."

"काही बोलायला नको. सुम्ने बसायचं."

बस सुरू झाली. वळणावर हात अजून खिडकीबाहेर होता, आणि मनगटावरून सुटलेलं दाव्याचं टोक वाऱ्यावर उडत होतं. मी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेपाच होऊन गेले होते. सिटी बसची वाट न बघता मी रिक्षाला हात केला.